नोकरदार मातेचा प्रवास आणि मातृदुग्धाची शीतसाखळी

बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आता सर्वपरिचित आहे. भारत सरकारचे धोरणही तेच आहे. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सहा महिन्यांखालील बालकांपैकी ६३.७ टक्के बालकांना केवळ मातेचे दूध मिळत होते. २०१५-१६ मधील चौथ्या पाहणीत हे प्रमाण ५४.९ टक्के होते. ही प्रगती समाधानकारक असली, तरी सुमारे एक तृतीयांश बालके अद्याप या लाभापासून वंचित आहेत. त्यामागील कारणांपैकी एक कारण मातेचे घराबाहेर राहणे हे होय. कामासाठी, परीक्षेसाठी किंवा प्रवासासाठी आई काही तास अथवा काही दिवस दूर गेली, तर बाळाचे दूध खंडित होऊ नये यासाठी काय करता येईल, हा प्रश्न वरवर घरगुती वाटतो. वस्तुतः तो सार्वजनिक आरोग्य, श्रम कायदे आणि नागरी सोयी या तिन्हींशी निगडित आहे.

जबलपूर शहराच्या उदाहरणाने हा प्रश्न स्पष्ट होतो. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ, १ एप्रिल २००३ पासून कार्यरत असलेल्या पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, संरक्षण साहित्याचे कारखाने, लष्करी केंद्रे, वैद्यकीय महाविद्यालय आणि विद्यापीठे यांमुळे नोकरदार स्त्रियांची संख्या येथे मोठी आहे. मंडला, दिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर, कटनी या जिल्ह्यांतून न्यायालयीन कामासाठी, उपचारांसाठी आणि स्पर्धा परीक्षांसाठी येणाऱ्या स्त्रियाही अनेक आहेत. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या काळापासून येथे स्थायिक असलेल्या मराठी कुटुंबांचे नागपूर, मुंबई, पुण्याकडे जाणे-येणे आजही नित्याचे आहे. इटारसी, भुसावळ मार्गे मुंबई येथून सुमारे एक हजार किलोमीटर दूर आहे. हा प्रवास एका रात्रीचा असला, तरी तान्ह्या बाळाच्या आईसाठी ही रात्र दीर्घ असते.

दूध काढणे का आवश्यक?

स्तनातील दुधाची निर्मिती मागणीवर अवलंबून असते. बाळ चोखू लागले की मातेच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते. मराठीत ज्याला पान्हा फुटणे म्हणतात, ती क्रिया या दुसऱ्या संप्रेरकाची. बाळाच्या आठवणीने किंवा रडण्याच्या आवाजानेही पान्हा येतो आणि चिंता, वेदना व संकोच यांमुळे तो अडतो.

दूध दीर्घकाळ स्तनात साचून राहिले, तर निर्मिती मंदावण्याचा संदेश शरीराला मिळतो. त्यामुळे दूर असलेल्या आईने दूध काढलेच नाही, तर दोन गोष्टी घडतात. प्रथम स्तन जड होऊन दुखू लागतात, गाठी होतात आणि प्रसंगी दाह होऊन ताप येतो. पुढे काही दिवसांतच दूध कमी होऊ लागते. म्हणून काढलेले दूध बाळापर्यंत पोहोचवणे शक्य नसले, तरी साधारणतः दर तीन तासांनी ते काढणे आवश्यक ठरते. ‘दूध वाया जाणार, मग काढायचे कशाला?’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. त्या वेळी काढलेले दूध पुढील महिन्यांच्या दुधाची तजवीज असते.

पिशवीत काय असावे?

दूध हाताने किंवा पंपाने काढता येते. हाताने काढण्याच्या पद्धतीला कोणतेही उपकरण लागत नाही. अंगठा आणि बोटे स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला ठेवून, प्रथम छातीच्या दिशेने आणि मग एकमेकांकडे दाब द्यायचा, अशी ही पद्धत असून प्रसूतीनंतर रुग्णालयातील परिचारिका ती शिकवतात. ज्यांना दररोज अनेक तास बाहेर राहावे लागते, त्यांना हाताने चालणारा अथवा विजेवरचा ब्रेस्ट पंप सोयीचा असतो. पंप असला तरी हाताची पद्धत अवगत असावी. कारण बॅटरी संपते, पंपाचा एखादा भाग घरी विसरतो किंवा वीज नसते.

पिशवी भरताना मोजका परंतु नेमका विचार करावा लागतो. पंप असल्यास त्याचे सर्व सुटे भाग, शक्य असल्यास त्यांचा एक जादा संच, चार्जर आणि पॉवर बँक प्रथम येतात. रेल्वेच्या डब्यात रात्रीच्या वेळी चार्जिंगची सोय उपलब्ध नसेल, असे गृहीत धरूनच निघावे. दुधासाठी घट्ट झाकणाची, रुंद तोंडाची, स्टीलची, काचेची किंवा खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लास्टिकची भांडी घ्यावीत. एका भांड्यात ६० ते १२० मिलिलिटर म्हणजे एका वेळी बाळ पिईल तेवढेच दूध ठेवावे. मोठ्या भांड्यातील दूध एकदा कोमट केले की उरलेले टाकून द्यावे लागते. प्रत्येक भांड्यावर दिनांक व वेळ लिहिण्यासाठी चिकटपट्टी व पेन हवे.

स्वच्छतेसाठी साबण, स्वच्छ फडकी, पंपाचे भाग धुण्याकरिता वेगळे छोटे भांडे व ब्रश आणि पिण्याच्या पाण्याची जादा बाटली असावी. हे भाग स्थानकाच्या किंवा कार्यालयाच्या बेसिनमध्ये थेट ठेवू नयेत. आपल्या भांड्यात साबणाच्या पाण्याने धुऊन पिण्याच्या पाण्याने खळबळावेत आणि दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावेत. सॅनिटायझर हातांसाठी उपयोगी असला, तरी साबण-पाण्याची जागा तो घेऊ शकत नाही. याखेरीज मोठी ओढणी किंवा शाल, समोरून उघडणारा पोशाख, स्तनपानाचे पॅड अथवा सुती घड्या आणि आईसाठी पाणी व खाणे ही तयारी लागते. बाळाचे छायाचित्र किंवा ध्वनिमुद्रित आवाज जवळ असल्यास पान्हा येण्यास मदत होते, असा अनेक मातांचा अनुभव आहे आणि ऑक्सिटोसिनच्या कार्यपद्धतीशी तो सुसंगत आहे.

लसीकरणासारखीच शीतसाखळी

लस कारखान्यातून निघाल्यापासून बालकाला टोचेपर्यंत थंड ठेवण्याच्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. काढलेल्या दुधालाही हेच तत्त्व लागू पडते. ताजे दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास, शीतकपाटात सुमारे ४ अंशांवर चार दिवस आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम स्थितीत राहते. गोठलेले जेल पॅक घातलेल्या, थंडावा टिकवणाऱ्या बंद पिशवीत ते २४ तास ठेवता येते. गोठवलेले दूध शीतकपाटात वितळल्यानंतर २४ तासांच्या आत वापरावे व पुन्हा गोठवू नये.

या नियमातील ‘२५ अंश’ ही अट जबलपुरात विशेष महत्त्वाची ठरते. मे महिन्यात तेथे पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये अथवा बिगरवातानुकूलित डब्यात चार तासांची मुदत गृहीत धरणे योग्य नव्हे. अशा दिवसांत दूध काढताच बर्फाच्या पिशवीत ठेवणे हाच सुरक्षित मार्ग होय. माठातील पाणी बाष्पीभवनामुळे गार होते. परंतु ते शीतकपाटाच्या तापमानाला पोहोचत नाही, त्यामुळे माठाजवळ ठेवलेले दूध सुरक्षित मानता येत नाही. जेल पॅक नसल्यास बाजारातील बर्फ चालतो; मात्र तो घट्ट बांधलेल्या वेगळ्या पिशवीत असावा आणि वितळलेले पाणी दुधाच्या भांड्याच्या झाकणापर्यंत येऊ नये. नुकतेच काढलेले कोमट दूध आधीच्या थंड दुधात लगेच ओतू नये. ते प्रथम थंड करावे.

एक उदाहरण पाहू. पाच महिन्यांच्या बाळाची आई कार्यालयीन कामासाठी सोमवारी सायंकाळी जबलपूरहून मुंबईला निघते, मंगळवारी दिवसा काम आटोपते आणि बुधवारी दुपारी परत येते. ती सुमारे ४० तास दूर राहणार आहे. केवळ स्तनपानावर असलेल्या बाळाला दर तासाला सरासरी २५ ते ३० मिलिलिटर दूध लागते, या हिशेबाने घरी १,००० ते १,२०० मिलिलिटर साठा हवा. हा साठा एका दिवसात जमत नाही. निघण्यापूर्वीचे १० ते १२ दिवस दररोज १०० मिलिलिटर दूध काढून गोठवले, तर तो सहज होतो. म्हणजे पिशवीची तयारी प्रवासाच्या दिवशी नव्हे, तर पंधरवडाभर आधी सुरू होते.

सोमवारी रात्री १० वाजता गाडीत काढलेले दूध मंगळवारी सकाळी ११ वाजेपर्यंत १३ तास बर्फात राहील. मुक्कामी शीतकपाट मिळाले, तर दूध त्यात ठेवता येईल, जेल पॅक पुन्हा गोठवता येतील आणि परतीच्या प्रवासाला नवी २४ तासांची मुदत मिळेल. शीतकपाट मिळाले नाही, तर तेच दूध बुधवारी दुपारपर्यंत सुमारे ३८ तास बर्फात राहून निरुपयोगी होईल. दोन्ही प्रसंगी आई तीच, पिशवीही तीच. परंतु अतिथिगृहातील एका शीतकपाटाने परिणाम बदलतो. वैयक्तिक तयारी आणि सार्वजनिक सोय यांचे नाते या उदाहरणातून ध्यानात येते.

घरी बाळाला दूध देताना

साखळीचा शेवटचा दुवा घरी असतो. आजी, वडील किंवा पाळणाघरातील ताई यांनी सर्वांत जुने दूध आधी वापरावे. भांडे कोमट पाण्यात ठेवून दूध गार-कोमट करावे; ते चुलीवर उकळू नये वा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. साय वेगळी झालेली दिसली, तर दूध नासले असे समजू नये. भांडे हलकेच फिरवल्यास ती मिसळते. कोमट केलेले दूध दोन तासांच्या आत संपवावे. दूधबाटलीऐवजी वाटी-चमचा अथवा लहान पेला वापरणे अधिक चांगले. कारण बाटली व तिचे बूच स्वच्छ ठेवणे कठीण असते आणि काही बाळे बाटलीच्या सवयीमुळे स्तन धरण्यास नाखूश होतात. मराठी घरांतील पूर्वापार बोंडले हे या पेल्याचेच रूप होय. मात्र त्याची चोच आतून नीट घासून ते उकळलेले असले पाहिजे.

दूधबाटल्यांविषयीची ही सावधगिरी कायद्यातही उतरली आहे. जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. तिला अनुसरून भारताने १९९२ मध्ये शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांचे उत्पादन, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या या उत्पादनांच्या जाहिरातींवर त्याद्वारे बंदी आहे.

कायद्याचे संरक्षण व त्याच्या मर्यादा

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आणि प्रसूतिविषयक साहाय्य यांची तरतूद करण्याचा निदेश राज्याला दिला आहे. अनुच्छेद ४७ पोषणमान उंचावण्याविषयी आहे, तर अनुच्छेद १५ (३) नुसार स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करता येते. या पायावर १९६१ चा प्रसूती लाभ कायदा उभा राहिला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तेथे दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा मातेला आहे. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीव्यतिरिक्त दोन स्तनपान विराम देण्याची तरतूद मूळ कायद्यातीलच आहे. या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

रजेचा हिशेब मात्र बारकाईने पाहिला पाहिजे. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, हे केवळ स्तनपानाच्या शिफारशीशी जुळते. तथापि, यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. ती घेतल्यास प्रसूतीनंतर १८ आठवडेच उरतात. म्हणजे आई कामावर परतते, तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. उरलेल्या दोन महिन्यांचा पूल दूध काढून साठवण्याच्या व्यवस्थेनेच बांधता येतो. स्तनपान विरामाचा उपयोग दूध काढण्यासाठी करता यावा, त्यासाठी कडी असलेली स्वच्छ खोली, पाणी, विजेची जोडणी आणि शीतकपाट मिळावे, ही अपेक्षा म्हणूनच रास्त ठरते. स्वच्छतागृह ही त्यासाठी योग्य जागा नव्हे. बाळाचे अन्न तेथे तयार होऊ नये.

सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२५ रोजी मातृस्पर्श उपक्रमाच्या याचिकेवर दिलेल्या निर्णयात सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष व बालसंगोपन कक्ष यांसाठी केंद्राने राज्यांना केलेल्या सूचनांची अंमलबजावणी व्हावी, असे निर्देश दिले. विद्यमान इमारतींत शक्य तेथे अशी जागा द्यावी आणि नियोजित इमारतींत ती राखून ठेवावी, असे त्यात अभिप्रेत आहे. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करण्याचे अनुच्छेद ५१ क (ङ) मधील मूलभूत कर्तव्यही न्यायालयाने या संदर्भात स्मरून दिले.

असंघटित क्षेत्रातील मातांना यांतील पुष्कळ गोष्टी अप्राप्य आहेत. शेतमजूर, बांधकाम कामगार किंवा घरकाम करणारी स्त्री यांना पगारी रजा नाही आणि पंपही परवडत नाही. त्यांच्यासाठी हाताने दूध काढण्याचे प्रशिक्षण आणि कामाजवळचे पाळणाघर हेच खरे उपाय होत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मिळणारे ५,००० रुपयांचे साहाय्य, मिशन शक्तीअंतर्गत ‘पालना’ योजनेतील अंगणवाडी-नि-पाळणाघरे आणि ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेला ‘मा’ कार्यक्रम या दिशेने आहेत. ‘मा’ कार्यक्रमात आशा कार्यकर्तींनी मातांशी स्तनपानाविषयी संवाद साधणे अपेक्षित आहे. दूध काढणे व साठवणे यांचे प्रात्यक्षिक त्या संवादाचा भाग झाल्यास त्याचा लाभ खेड्यापर्यंत पोहोचेल.

परीक्षार्थी मातांचा उल्लेखही आवश्यक आहे. स्पर्धा परीक्षेत सकाळ-दुपार असे दोन पेपर असतात आणि केंद्र दुसऱ्या गावी असते. परीक्षा केंद्रात इलेक्ट्रॉनिक उपकरणे नेण्यास मनाई असल्याने विजेवरील पंप उपयोगी पडत नाही. अशा वेळी पहिल्या पेपरपूर्वी, मधल्या सुट्टीत आणि पेपर संपल्यावर हाताने दूध काढणे हा व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी खोली मिळेल का, याची विचारणा केंद्रप्रमुखांकडे आधीच करावी.

मातृदुग्ध पेढीचा धडा

काढलेले दूध सुरक्षित ठेवता येते, हे भारतीय रुग्णालयांनी फार पूर्वीच सिद्ध केले आहे. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. मुदतपूर्व जन्मलेल्या आणि मातेचे दूध न मिळणाऱ्या बालकांना तेथे दान केलेले, पाश्चरीकृत दूध मिळू लागले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांतील दुग्धपान व्यवस्थापन केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यात सर्वसमावेशक केंद्र, दुग्धपान व्यवस्थापन एकक आणि दुग्धपान साहाय्य एकक अशी त्रिस्तरीय रचना आहे. स्वच्छ हात, निर्जंतुक भांडे, वेळेची नोंद आणि अखंड थंडावा ही जी सूत्रे या केंद्रांत पाळली जातात, तीच प्रवासी मातेच्या पिशवीत लहान प्रमाणावर पाळायची असतात.

मातेच्या पिशवीचे वजन तिच्या भोवतालच्या सोयींवर अवलंबून असते. स्थानकावर स्वच्छ पाणी व बंद खोली, कार्यालयात शीतकपाट, कायद्याने दिलेल्या विरामाला वरिष्ठांची संमती आणि घरी वाटी-चमच्याने दूध पाजणारे समजूतदार हात असतील, तर पिशवीत चार भांडी व थोडा बर्फ पुरेसा होतो. यांपैकी काहीच नसेल, तर सर्व भार एकट्या आईच्या खांद्यावर पडतो आणि बहुधा स्तनपानच थांबते. स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग वाढावा आणि कुपोषणही घटावे, ही दोन्ही राष्ट्रीय उद्दिष्टे एकाच वेळी साधायची असतील, तर प्रत्येक नव्या सार्वजनिक इमारतीच्या आराखड्यात या छोट्या खोलीला स्थान मिळाले पाहिजे.